बॉल पायथनला किती आणि किती दिवसांनी खायला द्यायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बोरिवली पूर्वेला राहणाऱ्या एका तरुणाकडे दीड वर्षाचा नर बॉल पायथन, म्हणजे अजगराच्या कुळातला एक छोटा परदेशी साप, आहे. वजन ६२० ग्रॅम. आतापर्यंत दर पाच दिवसांनी तो त्याला २५-२५ ग्रॅमचे दोन पांढरे उंदीर देत होता. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून सापाने तोंड फिरवलं आहे, त्याला आता पाच आठवडे झाले. तेव्हा वजन ६४० होतं. कुणी सांगतं दर आठवड्याला द्या, कुणी महिन्यातून एकदा, कुणी म्हणतं बळजबरीने भरवा. आई म्हणते, उंदीर नको असेल तर वाटीभर दूध ठेवून बघ. आणि शेवटची ओळ: ‘मॅडम, गोलमोल नको, आकडा सांगा.’

आकडा सांगते, पण जरा दमाने. तुम्ही ‘किती आणि कधी’ असं विचारलंय, मला मात्र तुमच्या प्रश्नात ‘हा उपाशी मरेल का’ ही भीतीच जास्त दिसते. हे दोन प्रश्न एकत्र आले की गडबड होते. मी पशुवैद्य आहे आणि गेली चौदा वर्षं कुत्र्या-मांजरांच्या जोडीने साप, कासवं, पोपटही बघते. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकत होते तेव्हा गाय, म्हैस, घोडा, कुत्रा हेच मुख्य. साप मी पुढे वाचून आणि चुका करून शिकले. ‘जेवत नाही’ म्हणून माझ्याकडे आणलेल्या बॉल पायथनपैकी बहुतेकांना काहीही झालेलं नव्हतं. अति खाऊन सुटलेले कितीतरी पाहिले, पण ‘डॉक्टर, हा फार खातो’ असं म्हणत आजवर एकही मालक आलेला नाही.

आपल्याकडे माणूस भेटला की ‘जेवलास का’ हा पहिला प्रश्न. त्यामुळे ताट परत आलं की जीव कासावीस होतो. पण तुम्ही-आम्ही किंवा तुमचं मांजर जे खातं, त्यातला मोठा वाटा अंग गरम ठेवण्यातच जळतो. साप ती ऊब बाहेरून घेतो, तीही फुकट. त्यात बॉल पायथन म्हणजे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशातला प्राणी. दिवसभर वारुळात नाहीतर उंदरांच्या बिळात वेटोळं करून पडून राहणार आणि भक्ष्य समोरून गेलं तर झडप घालणार. रोज काही त्याच्या पुढ्यातून उंदीर जात नाही. मादी तर अंड्यांभोवती वेटोळं घालून जवळपास दोन महिने बसते आणि त्या काळात सहसा काही खात नाही. उपास हा या जातीच्या आयुष्याचा नेहमीचा भाग आहे.

दोन जेवणांत अंतर का हवं, याचंही कारण आहे. बर्मी अजगरांवर जे प्रयोग झालेत, त्यांत मोठं जेवण झाल्यावर दोन दिवसांत हृदयाचं वजन सुमारे ४० टक्क्यांनी वाढलेलं आढळलं; आतड्याचं अस्तरही तसंच फुगतं आणि पचन संपलं की पुन्हा ओसरतं. बॉल पायथन त्याच कुळातला. म्हणजे प्रत्येक जेवणाला हे शरीर सगळा कारखाना चालू करतं आणि काम झालं की बंद करतं. दर पाच दिवसांनी भरपेट दिलं तर तो कारखाना बंद पडायला सवडच मिळत नाही.

आता तुमचा हिशेब. पाच दिवसांनी ५० ग्रॅम म्हणजे महिन्याला सहा वेळा, ३०० ग्रॅम. ६४० ग्रॅमचा साप महिन्याला स्वतःच्या निम्म्या वजनाइतकं खात होता. माझ्या मते त्याला महिन्याला ८० ते १०० ग्रॅम पुरे. तुम्ही तिप्पट घालत होता. पाच आठवड्यांचा उपास पडला तर त्याने मागचा साठा थोडासा वापरला, एवढंच.

मी क्लिनिकमध्ये जे सांगते ते असं. अंड्यातून निघालेलं पिल्लू साठ-सत्तर ग्रॅमचं असतं. तिथपासून साधारण ३०० ग्रॅमपर्यंत दर सात दिवसांनी, वजनाच्या १० ते १२ टक्के. वाढीचं वय आहे, तिथे कंजुषी करायची नाही. ३०० ते ७०० ग्रॅमच्या दरम्यान ६ ते ७ टक्के, दर दहा-चौदा दिवसांनी. तुम्ही इथे आहात: ३५ ते ४० ग्रॅमचा एकच उंदीर, साधारण बारा-चौदा दिवसांनी. त्यापुढे टक्केवारी ५ वर येते आणि अंतर तीन आठवड्यांवर. पूर्ण वाढ झालेल्या, दीड किलोच्या आसपासच्या सापाला ७०-७५ ग्रॅम, तीन ते चार आठवड्यांतून एकदा. जाडीचा जुना नियमही लक्षात ठेवा: सापाचा सगळ्यात जाड भाग जेवढा, तेवढाच जाड उंदीर. खाल्ल्यावर पोटाशी हलका फुगवटा दिसला की माप बरोबर.

हे आकडे दगडावरची रेघ नाहीत. अंडी घालून नुकतीच उठलेली मादी असेल तर तिला जास्त लागेल. खोली थंड असेल तर पचन मंद, मग अंतर वाढवा. आधी कुणी उपाशी ठेवलेला साप तुमच्याकडे आला असेल तर एकदम ढीगभर न घालता लहान घास, जवळ-जवळ. आणि एकाच खेपेच्या अंड्यांतली दोन पिल्लंसुद्धा सारखी वाढत नाहीत.

म्हणून मी कॅलेंडरपेक्षा वजनकाटा आणि हात यांवर जास्त भरवसा ठेवते. स्वयंपाकघरात वापरतात तो डिजिटल काटा आणा, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा. पंधरा दिवसांतून एकदा, जेवणाआधी, शक्यतो शी करून झाल्यावर वजन घ्या आणि वहीत लिहा. मोबाइलमध्ये लिहिलंत तरी चालेल, पण लिहा. मग हाताने बघा. सापाच्या मधल्या भागाचा छेद कोपरे गोल झालेल्या त्रिकोणासारखा हवा, वर कणा हलकासा जाणवणारा. कणा सुरीच्या धारेसारखा वर आला असेल आणि दोन्ही बाजू खोल गेल्या असतील तर तो बारीक आहे. उलट साप वळला की खवल्यांमधली कातडी दिसते, बाजूला मऊ वळ्या पडतात, गुदद्वाराच्या आधी दोन उशा ठेवल्यासारखं दिसतं आणि मग शेपटी एकदम बारीक होते, तर तो सुटलाय. ‘काचेवर चढतोय, म्हणजे भूक लागली असणार’ हे लक्षण धरू नका. उंदराचा वास आला की पोट भरलेला बॉल पायथनही झेप घेतो. श्रीखंड बघून आपणही तेच करतो.

यातली माझी स्वतःची चूक सांगते. माझी पहिली मादी कधी नाही म्हणायची नाही, आणि मला तिचा केवढा अभिमान! साडेतीन वर्षांत ती सव्वादोन किलोवर गेली. लांबीच्या मानाने ते वजन कुठल्या कुठे होतं. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने तिला हातात घेऊन नुसतं ‘बटाटेवडा’ म्हटलं, तेव्हा माझे डोळे उघडले. एकदम उपाशी ठेवणं धोक्याचं, कारण साठलेली चरबी झपाट्याने सुटली तर यकृतावर ताण येतो. मग घास लहान केला, अंतर हळूहळू वाढवलं, ती राहायची त्या टबमध्ये चढायला फांद्या दिल्या. वजन मार्गी लागायला चौदा महिने लागले. हे प्राणी नीट ठेवले तर वीस-तीस वर्षं सहज जगतात. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीने २०२० मध्ये, वयाच्या सुमारे ६२व्या वर्षी अंडी घातली होती. दीड वर्षाच्या सापाला जाड करून ठेवलं तर ते ओझं त्याने किती वर्षं वाहायचं, याचा विचार करा.

काय द्यायचं, यावर थोडं. मराठीत सगळे उंदीरच, पण साप पाळणारे ‘माइस’ आणि ‘रॅट’ असा भेद करतात आणि तो कामाचा आहे. माइसचा पूर्ण वाढलेला नग सहसा २५-३० ग्रॅमला थांबतो. रॅटचं तीन आठवड्यांचं पिल्लूच ३५-४० ग्रॅम भरतं. तुम्हाला आता नेमकं तेच हवंय: दोन माइसऐवजी रॅटचं एक पिल्लू. माइसवर वाढलेला साप रॅटला नाक मुरडतो, मग काही दिवस रॅट जुन्या माइसच्या भुशात घोळवून द्यायचा. बदल मात्र तो पुन्हा जेवायला लागल्यावर करा. आता रुसलेला असताना मेन्यू बदलून त्याला आणखी कारण देऊ नका.

जिवंत देऊ नका. उंदीर चावतो, आणि डोळ्यापाशी चावलेला साप टाके घालायला आणतात तेव्हा मालकाचा चेहरा बघवत नाही. गोठवलेला उंदीर रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सोडा, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवा, डोकं कोमट लागेपर्यंत. मायक्रोवेव्ह नको, एकाने तो प्रयोग केला होता, नंतर घरात बरंच रामायण झालं. लांब चिमट्याने, दिवे मंद करून, हळू हलवत द्या. रात्रभरात खाल्ला नाही तर फेकायचा, परत गोठवायचा नाही.

आणि गल्लीतला उंदीर कधीही नाही. हे मुंबईत मुद्दाम सांगावं लागतं, कारण ‘महापालिकेची माणसं रात्री एवढे उंदीर मारतात, वाया कशाला घालवायचे’ असं मला खरोखर विचारलं गेलंय. त्यांच्या पोटात कुणाच्या तरी घरातलं विष असू शकतं, आणि मुतात लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे जंतू. पावसाळ्यात लेप्टो म्हणजे काय हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको. जीव सापापेक्षा तुमचा जास्त धोक्यात येईल.

फ्रीझर हा आपल्या घरांतला मोठा प्रश्न आहे, हे मला माहीत आहे. गिरगावातल्या एका कुटुंबाची गोष्ट. मुलाचा साप दीड किलोचा, आजी घरात. आषाढात सगळं सुरळीत. श्रावण लागला आणि आजीने फतवा काढला, गणपती जाईपर्यंत फ्रिजमध्ये उंदीर दिसता कामा नये. मुलगा रडकुंडीला येऊन माझ्याकडे. मी म्हटलं, आजींचं ऐक. साप सहा आठवडे उपाशी राहिला. विसर्जनानंतर वजन केलं तर ३५ ग्रॅम कमी, तेही शी करून झाल्यावर. त्या घरात आता दरवर्षी साप श्रावण पाळतो आणि त्याची तब्येत माझ्या बऱ्याच पेशंटपेक्षा चांगली आहे. पिल्लाला असं चालणार नाही, हे मी त्या मुलालाही बजावलं होतं.

आता तुमच्या उपासाकडे. नर, दीड वर्षाचा, डिसेंबर. तिन्ही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात. वयात येणारे नर थंडीच्या महिन्यांत जेवण सोडतात, काही तीन-चार महिनेही. त्यात तुम्ही बोरिवली पूर्वेला, राष्ट्रीय उद्यानाच्या अंगाला. कुलाब्याला स्वेटर निघत नाही तेव्हा तुमच्याकडे पहाटे पारा बराच खाली उतरलेला असतो. टब थेट लादीवर ठेवलाय, असं तुम्ही लिहिलंय. लादी रात्रभर ऊब खेचून घेते. टब टेबलावर घ्या, खाली थर्माकोल घाला. उबदार बाजूला ३१-३२ अंश, थंड बाजूला २६-२७, आणि रात्री कुठेही २४च्या खाली नको. हीट मॅटला, म्हणजे टबखालच्या गरम चटईला, तापमान आवरणारा थर्मोस्टॅट हवाच, नाहीतर पोट भाजतं. तापमान खोलीच्या हवेचं मोजू नका. साप बसतो त्या पृष्ठभागाचं मोजा. दोन्ही बाजूंना अंग चेपून बसता येईल अशा लपायच्या जागा द्या. उघड्यावर असलेला बॉल पायथन जेवत नाही, कारण त्याच्या लेखी तो स्वतःच कुणाचं तरी जेवण असतो.

एवढं केलंत की चौदा दिवस त्याला हातही लावू नका. रोज उंदीर नाचवणं हा तर छळ आहे. चौदा दिवसांनी एकदा विचारा, नाही म्हणाला तर पुन्हा चौदा दिवस. डोळे दुधाळ झाले असतील तर कात पडेपर्यंत विचारूच नका. मार्च उजाडला तरी ढिम्म असेल तर एकदा कोंबडीचं एक दिवसाचं पिल्लू देऊन बघता येतं. नायजेरियात रानातल्या बॉल पायथनच्या आहाराचा अभ्यास झालाय. लहान साप आणि नर पक्ष्यांवर जास्त असतात आणि मोठ्या माद्या उंदरांवर, असं त्यात दिसलं. रुसलेले काही नर पिसांच्या वासाने उठतात, हे मीही पाहिलंय. रोजचा आहार म्हणून मात्र कोंबडीची पिल्लं नकोत, शी पातळ होते.

बळजबरीने भरवणं विसरा. घसा सोलवटतो, साप ओकतो, आणि पुढच्या वेळी चिमटा दिसला तरी बिथरतो. ओकणं हे न जेवण्यापेक्षा कितीतरी वाईट, कारण उंदराबरोबर पोटातलं आम्लही वर येतं. मुलुंडचा एक साप असा दोनदा ओकला होता. दुसऱ्या वेळी मी घरी जाऊन पाहिलं: बेडरूममध्ये रात्रभर एसी १८वर, आणि टब बरोबर त्याच्या झोताखाली. कधी असं झालंच तर दोन आठवडे काही देऊ नका, मग नेहमीच्या निम्म्या मापाने सुरू करा. जेवल्यावर ४८ तास सापाला उचलायचं नाही, हेही यातच आलं.

तुमचा साप पाच आठवड्यांत २० ग्रॅम उतरलाय, म्हणजे ३ टक्के. एखादी मोठी शी तेवढी भरते. मी १० टक्क्यांना दचकते. तुमच्या बाबतीत ५७५च्या खाली काटा गेला तर सरिसृप बघणाऱ्या पशुवैद्याकडे घेऊन जा. वजन कितीही असो, तोंड उघडं टाकून श्वास घेत असेल, शिट्टीसारखा आवाज येत असेल, ओठांशी चिकट लाळ दिसत असेल, किंवा पाण्याच्या भांड्यात काळे ठिपके तरंगत असतील, म्हणजे गोचिडीसारखे बारीक किडे, तर त्याच दिवशी दाखवा. १०० ग्रॅमच्या आतलं पिल्लू महिनाभर जेवलं नाही तरीही थांबू नका.

आईंना सांगा, दूध सापाला पचत नाही. नागपंचमीला साप दूध पितो तो आधी तहानलेला ठेवलेला असतो म्हणून. चिकनचा तुकडाही नको: त्यात हाडं नाहीत, यकृत नाही, म्हणजे कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं नाहीत. सबंध उंदीर हेच त्याचं डाळ-भात-भाजी-पोळी. वाटी ठेवायचीच असेल तर पाण्याची, रोज बदललेली.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक सांगते. साप मित्राकडून घेतला, कागद नाही, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. बॉल पायथन परदेशी असला तरी ‘साइट्स’ या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर असे प्राणी आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आलेत. २०२४च्या नियमांप्रमाणे त्यांची नोंद केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. तुमची मुदत टळली असेल तर मित्राला विचारून आणि वन विभागाशी बोलून ते मार्गी लावा. घाबरून आरेच्या जंगलात किंवा राष्ट्रीय उद्यानात सोडून येऊ नका. तिथला अजगर वेगळा, तो पाळणं मुळात गुन्हा आहे, आणि तुमच्या सापाचे रोग त्याला लागले तर ते कुणाला निस्तरता येणार नाहीत.

टब वर उचला, लपायच्या जागा बघा, आणि चौदा दिवसांनी ३५ ग्रॅमचा एक उंदीर विचारून बघा. त्या दिवशीचं वजन मला कळवा. काट्यावर टबसकट ठेवणार असाल तर टबचं वजन वजा करा. मागे एकाने ‘मॅडम, उपाशी असून ३४० ग्रॅम वाढला’ असं आनंदाने कळवलं होतं, आणि मी संध्याकाळभर कोड्यात.